दिल्लीच्या वेढ्यातील पत्रे : इतिहासाचे एक साधन

इतिहासाच्या तासाला सरांनी 'साधने' हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे एवढेच आले. नवऱ्याने बायकोला लिहिलेली पत्रेही साधन ठरतात, हे मला एच. एच. ग्रेटहेड यांच्यामुळे कळले.

ग्रेटहेड हे बंगालच्या सनदी सेवेतील अधिकारी. १० मे १८५७ रोजी मीरतेत उठाव झाला तेव्हा ते तेथे कमिशनर होते. जमाव बंगल्यावर चालून आला. पतिपत्नी गच्चीवर लपली. एका नोकराने जमावाला चकवून दुसरीकडे नेले, म्हणून दोघे वाचली. पुढे ग्रेटहेड मुलकी अधिकारी म्हणून दिल्लीवर निघालेल्या फौजेबरोबर गेले. ८ जूनपासून ही फौज शहराबाहेरच्या टेकडीवर तळ देऊन होती. तेथून ते पत्नीला पत्रे लिहीत. जनरल निकल्सन फारसे बोलत नाहीत आणि सार्वजनिक कामाच्या माणसात हा मोठाच गुण होय, अशी शेलकी निरीक्षणेही त्यांत आहेत. १४ सप्टेंबरला इंग्रजांनी शहरावर हल्ला चढवला. शहर पुरते हाती येण्यापूर्वीच, १९ तारखेला, ग्रेटहेड पटकीने वारले. १८५८ मध्ये त्यांच्या पत्नीने ही पत्रे प्रसिद्ध केली.

अशा पत्रांचे मोल कशात? लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सत्तावनची हकीकत 'माझा प्रवास'मध्ये सांगितली, पण ती बऱ्याच वर्षांनंतर, आठवून. पत्रात आजची धास्ती आजच उतरते.

मात्र पत्र सगळेच खरे सांगते असे नाही. मी वसतिगृहातून घरी फोन करतो, तेव्हा खानावळीत पोटभर मिळते असेच आईला सांगतो. मागे राहिलेल्या माणसाला धीर द्यायचा असतो. छावणीतला नवराही काही गोष्टी गाळणारच, हे ध्यानात ठेवून वाचावे लागते.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. ज्या नोकराने त्या दोघांचे प्राण वाचवले, त्याची गोष्ट आपल्याला इंग्रजांच्याच लेखनातून कळते. त्या रात्री त्याच्या मनात काय होते, घरी गेल्यावर त्याने काय सांगितले, हे कोणी टिपून ठेवले नाही. ज्याच्या हाती लेखणी, त्याचाच इतिहास उरतो.

हे वाचताना मला माझे घर आठवले. कॉलेजात आलेला आमच्यातला मी पहिलाच. आजोबांची खूण म्हणून घरात एक सातबाराचा उतारा तेवढा आहे. दुष्काळात त्यांनी काय सोसले, ते त्यावर नाही. ते आजीला ठाऊक आहे, आणि आजीला लिहिता येत नाही. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी शंभर पानी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. अकरा पाने झाली आहेत. उरलेली उन्हाळ्यात.