मनरोव्हिलचं जुनं कोर्ट

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यातला खटला काल्पनिक आहे, पण कोर्टाला आधार खऱ्या इमारतीचा आहे. या लेखात त्या इमारतीविषयी लिहितो.

अमेरिकेत राज्याचे जे भाग असतात त्यांना काउंटी म्हणतात. साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. अलाबामा राज्यातल्या मनरो काउंटीचं हे कोर्ट मनरोव्हिल गावात 1903-04 च्या सुमारास बांधलं गेलं. आत लंबगोल दालन आणि वर गॅलरी. वंशभेदाच्या त्या काळात काळ्या लोकांनी गॅलरीतच बसायचं. लेखिकेचे वडील वकील. लहानपणी ती इथंच त्यांचं काम बघायची. 1919 मध्ये त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन काळ्या माणसांचा बचाव केला होता. दोघांनाही फाशी झाली.

1962 च्या चित्रपटासाठी हॉलीवूडमध्ये या दालनाची हुबेहूब प्रतिकृती उभारली. पुढच्याच वर्षी काउंटीचं कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत गेलं. जुनी वास्तू आज संग्रहालय आहे. दर वसंतात गावचेच लोक इथं या कादंबरीचं नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर आणि खटला आत, खऱ्या दालनात. ज्युरी प्रेक्षकांतूनच निवडतात. निकाल मात्र ठरलेला : दोषी!

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये नाटकवाले कोर्ट मांडतात; इथं कोर्टाचंच नाट्यगृह झालं.

आता प्रश्न येतो तो जतनाचा. याच काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला 1987 मध्ये खुनाच्या आरोपाखाली पकडलं. खोट्या साक्षीवर मृत्युदंड झाला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाच्या लढ्यामुळे 1993 मध्ये तो सुटला. म्हणजे एकीकडे गाव कादंबरीतल्या अन्यायावर हळहळत होतं, कादंबरीचा अभिमान मिरवत होतं, आणि त्याच काळात खरा निरपराध माणूस तुरुंगात होता.

म्हणून इमारत पाडायला हवी होती का? मला तसं वाटत नाही. ती गॅलरी उभी आहे, म्हणून कोण कुठं बसायचं हे आज डोळ्यांनी दिसतं. पण भिंती जपल्या म्हणजे न्याय जपला, असं होत नाही. जुनी वास्तू आपल्याला गोष्ट सांगते. ती ऐकून शेजारच्या नव्या कोर्टात काय चाललंय तिकडे बघणं, हे काम आपलं.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या गावातल्या कुठल्या जुन्या सरकारी इमारतीचा आज वेगळा वापर होतो? आणि तिथली कुठली गोष्ट सांगितली जात नाही?