शेतवस्तीवरील घरासाठी अनेक क्रमांकांचे बेस स्टेशन

शेतवस्तीवर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबात घराचा एक, दूधसंकलनाचा दुसरा आणि खत-बियाण्यांच्या दुकानाचा तिसरा असे दूरध्वनीचे निरनिराळे क्रमांक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्र तार लागे. फायबरच्या जोडणीवर हे सर्व क्रमांक एकाच धाग्यातून येतात व एका बेस स्टेशनवरून घरातील बिनतारी फोनांना वाटून देता येतात. ही वाटणी विचारपूर्वक झाली नाही, तर दूधवाल्याचा फोन माजघरात वाजतो आणि सर्पदंशाच्या रात्री हाताशी असलेला फोन मुका निघतो.

बेस स्टेशन घेण्यापूर्वी सेवा देणाऱ्या कंपनीकडे एक चौकशी अवश्य करावी. प्रत्येक क्रमांकाचे खातेनाव, संकेतशब्द व सर्व्हरचा पत्ता ती ग्राहकास देते काय? देत असल्यास ते तपशील इंटरनेटवर चालणाऱ्या बेस स्टेशनमध्ये भरता येतात. देत नसल्यास फायबरच्या पेटीवरील फोनच्या खोबणीतूनच जोडणी घ्यावी लागते, व तेथे एका खोबणीस एकच क्रमांक मिळतो. ही चौकशी न करता महागडे यंत्र आणणे म्हणजे विहिरीचे पाणी न पाहता पंप आणणे होय.

असे बिनतारी फोन ‘डेक्ट’ पद्धतीवर चालतात. ही पद्धती युरोपात १९९२ साली प्रमाणित झाली. तिचा पल्ला उघड्यावर सुमारे ३०० मीटर व घरात सुमारे ५० मीटर धरतात. परंतु जाड दगडी भिंत, पत्र्याचे छप्पर किंवा लोखंडी कपाट आड आल्यास तो पुष्कळच घटतो. म्हणून यंत्र घराच्या मध्यभागी, उंचावर व पत्र्यापासून दूर बसवावे. बेसवरील कळ काही सेकंद दाबून धरून प्रत्येक फोनची नोंदणी करावी. फोनमध्ये पुन्हा भारित होणारेच सेल घालावेत. साधे सेल भारित करू गेल्यास गळतात, क्वचित फुटतातही.

आता वाटणीकडे वळू. कोणता क्रमांक कोणत्या फोनवर वाजावा आणि कोणत्या फोनवरून कोणत्या क्रमांकाने बोलावे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली सर्वांच्या ध्यानात येते, दुसरी बहुधा विसरली जाते. दुकानाच्या फोनवरून जाणारा संदेश घराच्या क्रमांकाने गेला, की गिऱ्हाईक रात्री-अपरात्री घरीच उलट फोन करते. यासाठी प्रत्येक फोनला बाहेर जाणारा क्रमांक ठरवून द्यावा. तसेच क्रमांक तीन असले म्हणजे एका वेळी तिघांना बोलता येईलच असे नाही. घरगुती वापराची अनेक यंत्रे एका वेळी दोनच संभाषणे पेलतात. सकाळी दूधसंकलनाच्या वेळी दोन्ही अडली असता घरातून रुग्णवाहिका बोलावता येणार नाही. यंत्राची ही मर्यादा खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची बाब विजेची. जुन्या तांब्याच्या तारेतून टेलिफोन केंद्राच्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज येत असे. त्यामुळे गावात अंधार असतानाही साधा फोन चालत असे. फायबरमधून केवळ प्रकाश येतो. वीज गेली की फायबरची पेटी, राउटर व बेस ही तिन्ही यंत्रे बंद पडतात. एकट्या बेसला बॅटरी देऊन काही साधत नाही. तिघांनाही ती दिली पाहिजे. जोडणी पुरी झाल्यावर ग्रामसेवकांनी घरचा मुख्य खटका बंद करून शेजारच्या मोबाइलवर फोन लावून पाहावा. स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावे, असा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. फोन लागला तरच काम झाले असे समजावे. बॅटरी किती तास टिकते, तेही एकदा मोजून ठेवावे.

प्रत्येक फोनजवळ एक पाटी लावावी. तिच्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हे क्रमांक, आणि त्यांखाली वस्तीचा गट क्रमांक व रस्त्यावरून वळण्याची खूण ठळक अक्षरांत लिहावी. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही नीट सांगता येत नाही.