आधी एकच दिवा

अगं, तुझी खरेदीची यादी वाचली. तीन फ्लॅश, दोन सॉफ्टबॉक्स, एक बीम लाइट! सारसोळे गावातल्या तुझ्या त्या वरच्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढं सगळं मांडलंस, तर गिऱ्हाईक बसणार कुठं? यादी फाडून टाक आणि मी सांगते तेवढंच आण. एक फ्लॅश, त्याचा ट्रिगर, एक भक्कम स्टँड, तीनेक फुटांचा सॉफ्टबॉक्स आणि सनबोर्डाचा मोठा पांढरा तुकडा. नेरूळहून हार्बरनं सीएसएमटीला उतर, बोरा बझार स्ट्रीटवर फिर आणि चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट उघडू नकोस.

आता खोली. भिंती गुलाबी आहेत ना? तो गुलाबी रंग उडून गिऱ्हाइकाच्या गालावर येईल आणि तू संगणकावर रंग सुधारत बसशील. चमक नसलेला पांढरा किंवा राखाडी रंग दे. खुर्ची मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घे. भिंतीला चिकटून बसवलंस की डोक्याची सावली भिंतीवर पडलीच म्हणून समज.

दिवा चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, साधारण पंचेचाळीस अंश बाजूला आणि डोळ्यांच्या थोडा वर ठेव. मग कॅमेऱ्यात बघू नकोस, नाकाची सावली बघ. ती गालाकडे तिरपी उतरली पाहिजे, ओठांवर चढता कामा नये. दिवा आणखी बाजूला नेलास, तर पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांत तसा उजेड दिसतो, म्हणून जगभर त्याचंच नाव पडलंय. दोन्ही बुबुळांत दिव्याचा ठिपका दिसतोय ना, हेही बघ. तो नसला की माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूची सावली फारच काळी वाटली, तर सनबोर्ड जवळ आण. तोच तुझा दुसरा दिवा.

गिऱ्हाइकाचा चेहरा रुंद असेल, तर तोंड थोडं वळवायला सांग आणि कॅमेऱ्यापासून लांबच्या गालाकडून उजेड टाक. चेहरा आटोपशीर दिसतो.

पुष्कळ जण दिवा लांब नेतात, 'मऊ पडेल' म्हणून. होतं उलटंच. लांबून सॉफ्टबॉक्स लहान दिसतो आणि सावल्या कडक होतात. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. हे तुझ्या फायद्याचं आहे. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि भिंतीपासून सहा फुटांवर असेल, तर पांढरी भिंतसुद्धा राखाडी दिसेल. राखाडी पडद्याचे पैसे वाचले!

कॅमेरा मॅन्युअलवर ठेव. आयएसओ 100, शटर 1/125, अ‍ॅपर्चर एफ/8, इथून सुरुवात कर. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढ. तो काळाकुट्ट आला पाहिजे. आला नाही तर ट्यूबलाइटचा उजेड आत शिरतोय, ती विझव.

चष्मा असेल तर दिवा वर घे आणि हनुवटी किंचित खाली करायला सांग. लग्नाला किंवा नारळी पौर्णिमेला गावातल्या बायका अंगभर सोनं घालून येतील. सोन्यात समोरचं सगळं उमटतं, म्हणून दिवा मोठा आणि जवळ हवा. उघड्या फ्लॅशनं सोन्यावर नुसते पांढरे डाग पडतात. कपाळावरचा घाम टिपायला टिश्यू हाताशी ठेव.

आणि हे बहीण म्हणून सांगते. सावळ्या माणसाला गोरं करून देऊ नकोस, त्यानं मागितलं तरी. कपाळावरची चमक पांढरी फटक पडणार नाही इतकाच उजेड ठेव आणि गालाचा उतार सावलीला दाखवू दे. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' हे पुस्तक कुठं मिळालं तर उघडून बस. प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचार, दिवा कुठं होता? उत्तर डोळ्यांतल्या ठिपक्यात सापडतं.

पासपोर्ट फोटोंना नाक मुरडू नकोस, रोजचा पैसा त्यातच आहे. दिवा सरळ कॅमेऱ्याच्या वर घे, सनबोर्ड छातीशी आडवा धर, सावल्या जातात. मापं मात्र दरवेळी त्या-त्या फॉर्मवर वाच.

खाडी जवळ आहे, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरेल. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, कारण पोरंटोरं धावणार आणि साड्यांचे पदर अडकणार. वायर जमिनीला चिकटव. फ्लॅश बिघडला तर स्वतः उघडू नकोस, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जबर वीज साठलेली असते.

पहिल्यांदा आईला बसव. ती 'पुरे गं आता' म्हणेपर्यंत दिवा हलवत राहा. मग येणारा पावसाळा एका दिव्यावर काढ. दिवाळीत दुसरा घ्यायला दुकानात जाशील, तेव्हा तो कशासाठी हवाय हे तू दुकानदाराला सांगशील. आज तो तुला सांगतोय, म्हणून तर यादी एवढी लांब झालीय.