यादीतली शहरं राहू देत

अगं, प्राग, पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना अशी यादी फोनमध्ये तयार आहे म्हणालीस, तेव्हा मी मुद्दामच काही बोलले नाही. तुझा उत्साह मोडायचा नव्हता. पण आता ऐक. शुक्रवारी रात्री बसमध्ये अवघडून बसायचं, शनिवारी आयफेल टॉवरखाली फोटो, रविवारी रात्री पुन्हा तीच बस आणि सोमवारी लेक्चरला पेंगायचं, याला मी भटकंती म्हणत नाही. ही हजेरी झाली. ती शहरं सेमिस्टर संपल्यावरही तिथेच असतील. पहिलं वर्ष म्युनिकच्या आसपासच हिंड. जवळची एखादी जागा अशी धर, की ऑक्टोबरात, जानेवारीत, मेमध्ये, कधीही उठून तिथे गेलीस तरी रस्ता विचारावा लागणार नाही.

डॉइचलांड-टिकेट तुझ्याकडे आहेच. त्यावर देशभरातल्या लोकल आणि पॅसेंजर गाड्या चालतात, लांब पल्ल्याची वेगवान आयसीई चालत नाही. ॲप कधीकधी मधेच आयसीई दाखवतं. घाईत चढलीस तर किमान 60 युरो दंड. हेच तिकीट साल्झबुर्गपर्यंतही चालतं, पण तो ऑस्ट्रिया. पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिटचं कार्ड दोन्ही सोबत हवं, मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

माझं मत विचारशील तर टेगर्नझेपासून सुरुवात कर. तळं, भोवती डोंगर, काठाने चालायला वाट. मात्र गाडीत बसताना डोळे उघडे ठेव, कारण ती वाटेत फुटते. होल्झकिर्खेनला काही डबे सुटून श्लियरझेकडे जातात, पुढे शाफ्टलाखला उरलेले पुन्हा दोन दिशांना. फलाटावर गाडीचं नाव बघून भागत नाही, आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. मित्रमंडळी वेगवेगळ्या डब्यांत चढली तर वेगवेगळ्या गावी उतरतील! एवढं लक्ष ठेवायचं नसेल तर एस-8 लोकल धरून हेर्शिंगला जा. तिथून जंगलातून तासाभरात आंडेक्सच्या मठापाशी पोचतेस. हा मठ स्वतःची बिअर गाळतो, त्यामुळे वाटेवर भाविक कुठले आणि तहानलेले कुठले, ते सांगणं अवघड.

आता पैशांचं. व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मिळतात 992 युरो, त्यातले निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्यातच जातात, हे मला माहीत आहे. म्हणून बाहेर जेवायचं नाही असं ठरवून खोलीत बसू नकोस. इथल्या बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं घेऊन जायला मुभा असते. 1812 साली राजाने बिअरवाल्यांना आपल्या बागेत बिअर विकायची परवानगी दिली, पण जेवण विकायची दिली नाही. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. टेबलक्लॉथ नसलेलं टेबल बघायचं, पेय तेवढं तिथून घ्यायचं. बिअर नको तर श्पेत्सी माग, कोला आणि संत्र्याचं मिश्रण असतं. थालीपीठ आणि लोणचं काढलंस की शेजारचे आजी-आजोबा हमखास चौकशी करतात, आणि जर्मन बोलायची इतकी फुकट शिकवणी दुसरीकडे मिळणार नाही.

रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारी रात्री आठच्या आत. नाहीतर स्टेशनवरच्या दुकानात जास्त पैसे मोजावे लागतील. पाऊस असेल तर आल्टे पिनाकोथेक. रविवारी तिकीट फक्त 1 युरो, त्यामुळे सगळं संग्रहालय एका दिवसात उरकायचा हट्ट नको. चित्रकार ड्यूररने 1500 साली काढलेलं स्वतःचं चित्र बघ. समोरून रोखून बघणारा, केस खांद्यावर, हाताची बोटं कोटाच्या फरवर. तेवढं एक बघून बाहेर पडलीस तरी चालेल.

इंग्लिश गार्डनमध्ये उन्हाळ्यात काही मंडळी अंगावर एकही कपडा न ठेवता ऊन खात पडलेली दिसतील. दचकू नकोस, मोबाइल पिशवीत ठेव आणि चालत राहा. आईला फोनवर हे वर्णन करायची गरज नाही.

डाखाऊला जायलाच हवं. 1933 साली सुरू झालेली ती छळछावणी आहे, प्रवेश फुकट आहे. पण त्या दिवशी दुसरा कुठलाच बेत ठेवू नकोस, आणि फोटोंसाठी हसणारी टोळी सोबत नेऊ नकोस.

टोळीवरून आठवलं. मराठी ग्रुप हवाच, गणपतीला आणि दिवाळीला त्यांच्याशिवाय करमत नाही. पण दर शनिवारी तेच दहाजण आणि कुठला हिंदी सिनेमा पाहायचा यावर तीच चर्चा, असं होऊ देऊ नकोस. महिन्यातून एकदा फ्लॅटमधल्या इतर देशांच्या मुलींबरोबर जा, एकदा एकटी जा. एकटी जाशील तेव्हा मला आदल्या रात्री मेसेज टाक: कुठे चाललीस, आणि परतीची गाडी किती वाजताची.