मागच्या आसनावरचा पट्टा

पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी एक मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मात्र दगावले. त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांना आढळले.

मोटार थांबते, पण जडत्वामुळे आतला माणूस पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो. समजा, वेग ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. पट्टा बांधलेला माणूस मोटारीच्या चेपणाऱ्या पुढच्या भागासह अर्ध्या मीटरात थांबला, तर ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या त्याच्या शरीरावर सरासरी २४,००० न्यूटन बल येते. तोच समोरच्या आसनावर आपटून पाच सेंटिमीटरांत थांबला, तर बल दसपट! हातांनी सावरण्याची गोष्टच नको.

पट्ट्याचे रीळ हळू ओढल्यास फिरते, हिसका बसताच अडकते. उभ्या मोटारीत करून पाहा. हवेची पिशवी सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात फुगते आणि छिद्रांतून वायू सोडत डोक्याचा वेग जिरवते. पट्टा नसेल, तर माणूस फुगत्या पिशवीवरच जाऊन आदळतो. शिवाय मागे बसणाऱ्याच्या समोर बहुधा पिशवी नसतेच. त्याला आधार एकट्या पट्ट्याचा.