वर्ग घरात आला, घर वर्गात गेले



2020 च्या टाळेबंदीत आपल्या धर्मग्रामातील मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही मोबाईलवर सुरू केला. उत्साहाच्या भरात वर्गाची लिंक धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ती तिथून कुठे कुठे गेली, देव जाणे! तिसऱ्या रविवारी वर्गात एक अनोळखी नाव दिसले. कॅमेरा बंद, आवाज बंद. कुणाचे तरी मामा असतील, असे आम्हाला वाटले. अर्धा तास तो मनुष्य मुलांचे चेहरे पाहत बसला आणि 'आपण कोण?' असे विचारताच नाहीसा झाला. त्याने काही केले नाही. पण तो कोण होता, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

चूक आमची होती. त्याच वर्षी 16 एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम वापरणाऱ्यांसाठी सूचना काढल्या होत्या : दर वेळी नवा आयडी व पासवर्ड ठेवा, येणाऱ्याला आधी वेटिंग रूममध्ये थांबवा, सगळे आले की बैठकीला कुलूप लावा. आम्ही त्या वाचल्याच नव्हत्या.

दुसरी चूक कळायला अधिक दिवस लागले. सातवीतली एक मुलगी कॅमेरा लावत नसे. 'चेहरा दाखवल्याशिवाय हजेरी नाही,' असे आम्ही तिला सर्वांसमोर सुनावले. टाळेबंदी उठल्यावर तिच्या घरी गेलो. एकच खोली, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, भिंतीशी अंथरुणाला खिळलेली आजी. मोबाईल कुठेही ठेवा, आजी दिसणारच. पोर आजीला परक्या नजरांपासून जपत होती आणि आम्ही तिला बेशिस्त ठरवले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'व्यक्ती' या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. मराठी शब्दच बरेच सांगतो : जी व्यक्त होते ती व्यक्ती. काय व्यक्त करावे आणि काय झाकून ठेवावे, हे तिचे तिने ठरवण्यात तिचा मान असतो. पण समोर सर किंवा फादर असले की मूल 'नको' म्हणायला बिचकते. मग ते मोठ्यांनी म्हणावे लागते.

धोका अनोळखी माणसाचाच असतो असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 चे ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पुढे राज्याच्या पुस्तकांवर असे कोड आले आणि ते सरकारच्या 'दीक्षा' ॲपमध्ये उघडू लागले. मे 2022 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने हे ॲप मुलांचे नेमके ठिकाण टिपते असे नोंदवले. जानेवारी 2023 मध्ये तर 'दीक्षा'ची माहिती साठवलेला एक सर्व्हर उघडाच राहिल्याचे बाहेर आले. 10 लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. गुरुजींचा यात काही दोष नाही. हेतू चांगला असला तरी कुलूप लावावेच लागते, एवढेच.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागते. शाळांना काही सवलती आहेत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. तोवर ट्यूशनवाल्यांना विचारायला कुणाची परवानगी लागत नाही : वर्गाचे चित्रण करता का, ते कोण पाहते, किती दिवस ठेवता?

आम्ही आमच्याकडे काही बदल केले आहेत. लिंक फक्त पालकांच्या क्रमांकावर जाते. वर्गात दोन मोठी माणसे असतात. कॅमेऱ्याची सक्ती नाही, स्क्रीनशॉट काढायचा नाही. कोणताही शिक्षक, आम्हीसुद्धा, मुलाला एकट्याला मेसेज पाठवणार नाही. कुणी पाठवलाच तर पालकांनी लगेच सांगावे. फादरांना कसे सांगू, असा संकोच नको. प्रकरण गंभीर असेल तर मुलांसाठी 1098 आणि सायबर गुन्ह्यासाठी सध्या 1930 हे क्रमांक आहेत.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलांची यादी, फोन नंबरांसह, मागे आम्हीच ग्रुपवर टाकली होती. ती कुणाच्या मोबाईलमध्ये असेल तर कृपया आजच काढून टाकावी.