साम की निराम? – चिकित्सानिर्णयाचा पहिला प्रश्न



नव्याने व्यवसायात पडलेल्या वैद्याची अडचण ज्ञानाच्या अभावाची नसते, ती ज्ञानाच्या गर्दीची असते. दूष्य, देश, बल, काल, अनल, प्रकृती, वय, सत्त्व, सात्म्य आणि आहार हे वाग्भटोक्त दहा परीक्ष्य भाव त्याला मुखोद्गत असतात. परंतु समोर रुग्ण कण्हत बसलेला असतो, बाहेर आणखी आठजण थांबलेले असतात आणि औषध लिहिण्यास हाती दहा मिनिटे असतात. अशा वेळी हे दहाही भाव एकदम मनात उभे राहतात आणि निर्णय मात्र रोगाच्या नावावरून घेतला जातो. सांधा दुखतो म्हणून तेल, जुलाब होतात म्हणून स्तंभन, ताप आहे म्हणून ज्वरघ्न, अशी ही वाट आहे.

या गर्दीतून बाहेर पडण्यासाठी एकच प्रश्न प्रथम विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे मला अनुभवांती वाटते. तो प्रश्न असा: ‘या रुग्णात, आज, दोष साम आहेत की निराम?’ हा प्रश्न मला ग्रंथाने शिकविला होताच. पण तो अंगी बाणला तो माझ्या एका चुकीमुळे.

एक चूक

२००६ साली, व्यवसायाच्या आरंभीच्या काळात, शिवणकामावर उदरनिर्वाह करणारी ३८ वर्षांची एक भगिनी माझ्याकडे आली. बोटांचे व मनगटांचे सांधे सुजलेले, सकाळी दीड-दोन तास हात आखडलेले, अंगात कसकस. ‘सांधे दुखतात’ हे शब्द मी ऐकले आणि संधिगत वाताचे निदान मनात पक्के केले. सर्वांगास तैलाभ्यंग, नाडीस्वेद व अनुवासन बस्ती अशी योजना केली. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा तिची मूठ वळत नव्हती. ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, तेल लावून घेतले की रात्रभर ठणका लागतो. आता कात्रीसुद्धा धरवत नाही.’’

मी माझ्या गुरुवर्यांकडे गेलो. संपूर्ण वृत्तांत शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, ‘‘जीभ पाहिली होतीस का?’’ मी पाहिली नव्हती. ‘‘भूक विचारलीस?’’ तीही विचारली नव्हती. ते इतकेच म्हणाले, ‘‘मग तेल कोणाच्या आज्ञेने दिलेस?’’

परत येऊन पाहिले तो जिव्हा पांढऱ्या जाड लेपाने भरलेली, तोंडास चव नाही, पोट जड, मलप्रवृत्ती चिकट व असमाधानकारक, ढगाळ हवेत वेदना वाढते असा इतिहास. माधवकरांनी आपल्या निदानग्रंथाच्या २५ व्या अध्यायात वर्णिलेला आमवात समोर बसलेला होता आणि मी त्यास स्नेहाने पुष्ट करीत होतो. आमाने रुद्ध झालेल्या स्रोतसांत स्नेह घातल्यास अवरोध वाढणारच.

स्नेहन तत्काळ थांबविले. अग्नी व बल पाहून लंघन, शुंठीसिद्ध कोष्ण जल, मुगाचे कढण, वालुकापोट्टलीने रूक्ष स्वेद एवढेच दिले. जिव्हा स्वच्छ होऊन भूक लागू लागल्यावर रास्नासप्तक क्वाथ व सिंहनाद गुग्गुळ यांची जोड दिली. सुमारे तीन आठवड्यांनी मूठ वळू लागली. रक्तपरीक्षणात संधिवाताचा घटक सापडल्याने पुढे तज्ज्ञांचेही साह्य घेतले. रोग समूळ गेला असे मी म्हणणार नाही. पण ती पुन्हा शिवणयंत्रावर बसली. माझ्या चुकीचे ते चार दिवस मात्र तिने भोगले.

हाच प्रश्न का?

कारण याच्या उत्तराने पुढील अनेक निर्णय आपोआप मार्गी लागतात. आहार गुरू द्यावा की लघू, स्नेहन करावे की टाळावे, शोधन आज की नंतर, हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते. सर्व देहात पसरलेले, धातूंत लीन झालेले साम दोष बळाने बाहेर काढू नयेत. कच्च्या फळातून रस पिळू पाहिल्यास फळाचाच नाश होतो, हा वाग्भटांचा दृष्टांत सर्वांस विदितच आहे. प्रथम पाचन-दीपन, मग स्नेहन-स्वेदन, त्यानंतर बल पाहून यथाकाल शोधन, हा क्रम तेथे सांगितला आहे.

तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

१. ज्वर – तरुण ज्वरात दूध अपायकारक. तेच जीर्णज्वरात, कफ क्षीण झाला असता, अमृतासमान. द्रव्य एकच, अवस्थेने फळ उलटते.

२. अतिसार – आमातिसारात आरंभीच संग्राही औषध देऊ नये, असे चरकांनी बजावले आहे. रोखलेला दोष आध्मान, ग्रहणी, अर्श यांसारखे उपद्रव निर्माण करतो. पक्वातिसारात मात्र स्तंभन हीच चिकित्सा.

३. संधिशूल – निराम वातात अभ्यंगाने उपशय, साम अवस्थेत त्यानेच वृद्धी. वर दिलेला वृत्तांत याचाच दाखला होय.

प्रश्न कसा विचारावा?

सामलक्षणे ग्रंथात विस्ताराने आहेत: स्रोतोरोध, बलभ्रंश, गौरव, वायूची मूढता, आलस्य, अपचन, लालास्राव, मलावरोध, अरुची व क्लम. घाईच्या वेळीही तीन स्थाने चुकवू नयेत.

जिव्हा: लेप आहे का? किती जाड? सकाळी दात घासण्यापूर्वी कशी दिसते?

भूक: ‘जेवता का?’ असे विचारू नये, कारण वेळ झाली म्हणून सर्वच जेवतात. ‘आधीचे जेवण पचून खरी भूक लागते का?’ असे विचारावे.

मल: चिकट, दुर्गंधी आहे का? साम मल गुरुत्वामुळे पाण्यात बुडतो व पक्व मल तरंगतो. मात्र अतिद्रवता, अतिघनता, शैत्य व कफ यांनी ही परीक्षा फसते, हेही ध्यानी ठेवावे.

उत्तर केसपेपरच्या शिरोभागी ‘साम’ किंवा ‘निराम’ असे एका शब्दात लिहावे आणि मगच औषध लिहावे. पुढील प्रत्येक भेटीत ते नव्याने लिहावे. अवस्था बदलते, मागील आठवड्याचे ‘साम’ आज खरे असेलच असे नाही. निराम झालेल्या रुग्णास लंघन-पाचनातच अडकवून ठेवणे हीदेखील तितकीच मोठी चूक असून तिने धातुक्षय व वातप्रकोप होतो.

मर्यादा

हा प्रश्न चिकित्सेची दिशा ठरविण्यासाठी आहे, आत्ययिक अवस्था ओळखण्यास पर्याय म्हणून नव्हे. पावसाळ्यातील ज्वरात सतत वांती, तीव्र उदरशूल, रक्तस्राव किंवा अतिग्लानी दिसल्यास जिव्हेचा लेप पाहत बसू नये, रुग्णालयात पाठवावे. डेंग्यूच्या शंकेत द्रवपदार्थ तोडू नयेत. घसा दुखल्यानंतर काही आठवड्यांनी बालकाचे सांधे एकामागून एक सुजू लागल्यास हृदयाची तपासणी अवश्य करवावी. आमवाताच्या रुग्णाची चालू असलेली स्टेरॉइडे एकाएकी बंद करू नयेत.

तसेच लंघन म्हणजे केवळ उपवास नव्हे. चरकांनी त्याचे दहा प्रकार सांगितले असून पाचन हा त्यांतीलच एक. क्षय, वात, भय, क्रोध, काम, शोक व श्रम यांपासून उद्भवलेल्या ज्वरात तर लंघन वर्ज्यच आहे. गर्भिणी, बालक, वृद्ध व दुर्बल यांच्याबाबत बलाचा विचार सर्वोपरी ठेवावा.

उरलेले नऊ भाव टाकून द्यावेत असा याचा अर्थ नाही. गाठोडे सोडताना एक गाठ आधी सुटावी लागते, मग बाकीच्या सुटतात. अनलाची परीक्षा ही ती पहिली गाठ होय. गुरुवर्य आज हयात नाहीत. पण लेखणी उचलताना त्यांचा प्रश्न अजून कानी येतो, आणि मी रुग्णास जीभ दाखविण्यास सांगतो.

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.